हरकत आहे

"भरलेली नाय," भावजी म्हणाले. मी तरीही गज हातात घेतला.

बंदूक ओट्यावरच्या खुंटीला टांगलेली होती. मी ती उतरवली, नळी वर धरली आणि गज आत सोडला. तो खाली जाऊन थांबला आणि वर चार बोटं राहिला.

ठासणीच्या बंदुकीत गज खोटं बोलत नाही. आमच्या बाबांची अशीच एकनळी बंदूक होती, त्यामुळे मला हे लहानपणापासून ठाऊक. नळी रिकामी असली की गज तोंडाबरोबर येतो. आत दारू, तिच्यावर काथ्या, काथ्यावर छर्रे ठासलेले असले की तेवढा गज वर उरतो. चार बोटं म्हणजे पुरा बार. आणि त्याहून वाईट म्हणजे घोड्याखाली केप, म्हणजे बार पेटवणारी तांब्याची टोपी, लावलेली होती. घरात टांगलेल्या बंदुकीला शहाणा माणूस केप लावून ठेवत नाही. मी आधी नखाने ती केप काढली, पदराच्या गाठीत बांधली, मग भावजींकडे बघितलं.

"डुकरां येतत," ते म्हणाले.

"खय येतत?"

त्यांनी हाताने मळ्याकडे दाखवलं. ओट्यावरून त्यांचा मळा अख्खा दिसायचा. मार्गशीर्ष महिना. आजूबाजूच्या सगळ्या मळ्यांत कुळीथ वीतभर वर आला होता आणि मध्ये ह्यांचा मळा तसाच उघडा पडलेला. त्यात ना कुळीथ, ना चवळी. पावसाळ्यात भातही लावलं नव्हतं. डुकरं काय ढेकळं खायला येणार होती?

हे मी बोलले नाही. "भावजी, आधी बार खाली करूया," एवढंच म्हटलं.

ते उठले, बंदूक घेतली, माझ्याकडून केप मागून घेतली, मळ्याच्या कडेला गेले आणि आभाळात बार काढला. कावळे उडाले. शेजारच्या तेल्याच्या घरातून कोणीतरी ओरडलं, "गावलो काय रे?"

ह्याला आता तेरा वर्षं झाली. तेव्हा मी गावची पोलीस पाटील होते. महिलांसाठी जागा राखीव झाली आणि बारावी शिकलेली, तालुक्याला एकटी जाऊन येणारी, कोणाला न भिणारी म्हणून माझं नाव पुढे आलं. पुढे आणलं ते ह्याच भावजींनी. वासुदेव घाडी हे आमच्या ह्यांचे चुलत भाऊ, वयाने बारा वर्षांनी मोठे. गावात नुसतं भावजी म्हटलं की तेच. "आमची उर्मिला पोलीसबाय होतली," म्हणून घरोघरी सांगत फिरले होते. त्या दिवसापासून मला पोलीसबाय हेच नाव पडलं.

आमच्या नारखोल गावात सात बंदुका होत्या, सगळ्या शेती संरक्षणाच्या परवान्याच्या. सातांत नेमबाज एकटे भावजी. रानडुक्कर वाडीच्या वरच्या अंगाला शिरलं की लोक त्यांनाच हाक मारायचे आणि ते गेले की डुक्कर सहसा परत यायचं नाही. पण त्या वर्षी शेवंतीवहिनी गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत संपलं. एकुलती मुलगी दर्शना म्हापशाला दिलेली. भावजी घरात एकटे उरले आणि हळूहळू बोलायचे बंद झाले. लोक म्हणाले, दिवस जातील तसं जाईल. मीही म्हटलं.

मी त्या सकाळी त्यांच्याकडे गेले त्याचं कारण दर्शनाचा फोन. आदल्या दिवशी तिने मला विचारलं, "काकी, बाबा बरे आहेत ना?"

"का गो?"

"काल फोनवर आईच्या बांगड्या कुठल्या डब्यात आहेत ते सांगत होते. पाटल्या कुठे, नथ कुठे. मी म्हटलं, बाबा मी शिमग्याला येणारच आहे, तेव्हा दाखवा. तर म्हणाले, तेव्हाचं तेव्हा, आत्ता ऐकून ठेव."

तिला म्हटलं, काळजी करू नकोस, मी बघते. आणि सकाळी उठून परवान्याचे कागद बघायचे आहेत असं निमित्त काढून गेले. निमित्त खरंच होतं. सातही परवान्यांची मुदत त्या डिसेंबरात संपत होती आणि ठाण्यातून सात फॉर्म माझ्याकडे आले होते.

बार काढून भावजी ओट्यावर परत आले. मी म्हटलं, "केपांची डबी द्या. फॉर्मात लिवची असा."

फॉर्मात केपांचा रकानाच नव्हता. भावजींनी माझ्याकडे बघितलं. एकोणीस वर्षं परवाना होता त्यांच्याकडे, प्रत्येक रकाना तोंडपाठ असणार. तरी ते आत गेले आणि डबी आणून माझ्या हातात ठेवली.

"आणि गुरुवारी बंदूक घेऊन ठाण्यात जावचा असा. ह्या खेपेक नंबर पडताळतले. मी येतंय तुमच्यावांगडा," मी म्हटलं.

"बरा," ते म्हणाले. "चाय घेतंस?"

चहात साखर नव्हती. त्यांना ते कळलं नाही आणि मी सांगितलं नाही.

घरी येऊन मी फॉर्म घेऊन बसले. फॉर्म साधा. नाव, वय, व्यवसाय, वर्तणूक, शस्त्राची गरज, आणि शेवटी एक छापील ओळ: परवाना नूतनीकरणास हरकत आहे / नाही. खाली बारीक अक्षरात, लागू नसेल ते खोडावे. मी आधीचे सहा फॉर्म दहा मिनिटांत भरले होते. सहाही ठिकाणी "आहे" खोडलं होतं. माझ्या आधीच्या पाटलाने तेच केलं होतं, त्याच्या आधीच्यानेही. गावात "आहे" कधी कोणी ठेवलंच नव्हतं.

आमचे हे दारात बसून दोर वळत होते. मी त्यांना फोनचं, गजाचं, केपेचं सगळं सांगितलं.

"तू काय करतलंस?" त्यांनी विचारलं.

"हरकत असा म्हणून लिवतंय."

दोर तिथेच राहिला. "खुळी काय तू? वासूदादाची बंदूक गेली तर वाडीत डुकरां कोण आडयतलो? तेल्याची बंदूक पाच वर्षां झाली, तेना अजून घूस मारूक नाय. डुकरां तुझो अहवाल वाचतली?"

"डुकरां नाय वाचणत. पण भावजी जिवंत तरी ऱ्हवतले."

"माणसान मरूचा ठरयल्यान तर बंदूकच व्हयी काय? विहीर असा, दोर असा." असं म्हणून त्यांनी हातातल्या दोराकडे बघितलं आणि तो बाजूला ठेवला.

हा प्रश्न मला नंतर खूप जणांनी विचारला. बंदूक काढून घेऊन काय होतं, ज्याला करायचं तो करणारच. मला त्याचं मोठं उत्तर येत नाही. मला एवढं माहीत होतं की विहिरीपर्यंत चालत जावं लागतं, वाटेत चार घरं लागतात, कोणीतरी "खय चललास?" म्हणून विचारतं. बंदूक हाताशी खुंटीवर होती, केप लावून तयार. तेवढं अंतर मला वाढवायचं होतं. पुढचं देवाच्या हातात.

"मग खरा कारण लिवतलंस?" ह्यांनी विचारलं. "वेडो झालो म्हणून?"

तिथेच घोडं अडलं होतं. मनाचं काही लिहिलं की कागद ठाण्यात जाणार, ठाण्यातून वर जाणार, आणि ठाण्यातल्या टपरीवर तो सगळ्यांच्या तोंडी येणार. मग भावजी जन्मभर "तो डोक्यान गेलेलो" म्हणून ओळखले गेले असते. त्यांच्या घरी कोण पाणी प्यालं असतं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली.

मग मला गरजेचा रकाना दिसला आणि मी स्वतःला फार हुशार समजले. परवाना कशाचा? शेती संरक्षणाचा. शेतात पीक आहे? नाही. मग संरक्षण कशाचं? मी लिहिलं, "सदर इसम सध्या शेती करीत नाहीत. पीक नसल्याने शस्त्राची गरज दिसत नाही." एकही शब्द खोटा नव्हता आणि मनाचा उल्लेखही नव्हता. खाली "नाही" खोडलं, सही केली, शिक्का मारला.

गुरुवारी सकाळी बाब्याची रिक्षा बोलावली. भावजी धुतलेला सदरा घालून आले होते. बंदूक गोणपाटात गुंडाळून मांडीवर आडवी धरलेली. मी शेजारी बसले, पर्समध्ये तो कागद. वहिनी गेल्यापासून ते गावाबाहेर पडले नव्हते. रिक्षात वारा लागल्यावर थोडे बोलायला लागले.

"ह्या बंदुकीन पयलो डुक्कर मारलंय तो तुमच्या लग्नाच्या वर्षी," ते म्हणाले. "तुझो सासरो इतको खूश झालो, म्हणालो, वासू, माझ्या सुनेन पायगुण आणल्यान."

मी "हूं" म्हटलं.

"नूतनीकरण झाला काय तीन वर्षां बघूक नको."

"हूं."

"तुका बरा नाय काय गो? आज गप्प शी?"

माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर तिथे रिक्षा थांबवून सगळं सांगून टाकलं असतं. मलाही दोनदा वाटलं. पण सांगितलं असतं तर भावजी बंदूक घेऊन घरी गेले असते आणि मी त्यांना अडवू शकले नसते. म्हणून तोंड शिवून बसले. तालुक्याला उतरल्यावर त्यांनी मला हॉटेलात नेलं, माझ्यासाठी कांदाभजी मागवली, स्वतः नुसता चहा घेतला. ती भजी मी कशी गिळली ते माझं मला माहीत.

ठाण्यात परवान्याच्या टेबलावर कासकर हवालदार होते. माणूस चांगला, पण आवाज असा की टेबलावर बोलले की फाटकावरच्या शिपायाला ऐकू जायचं. त्यांनी बंदुकीचा नंबर ताडून बघितला, परवाना बघितला आणि माझे फॉर्म एकेक उलटू लागले. सातव्याशी थांबले.

"बाई, इथं चुकून 'नाही' खोडलंय तुम्ही."

"चुकून नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"हरकत आहे."

त्यांनी चष्मा वर केला. "चार वर्षं ह्या टेबलावर आहे मी. एकही 'हरकत आहे' आलेला नाही माझ्याकडे. बघू काय लिहिलंय." आणि त्यांनी ते मोठ्याने वाचलं. "सदर इसम सध्या शेती करीत नाहीत."

भावजी टेबलाला हात टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं ते बंदुकीबद्दल बोलतील. ते बंदुकीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

"मी शेती करीत नाय?"

"भावजी..."

"घाडी मी. माझो बापूस, आजो, पणजो, सगळे त्या मळ्यात वाकले. आणि तू सरकारच्या कागदार लिवलंस, वासुदेव घाडी शेती करीत नाय?"

"ह्या वर्साचा लिवलंय."

"कागदार वर्स उरता काय? नाव उरता."

कासकर एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. मग खालच्या आवाजात मला म्हणाले, "बाई, एक रेघ मारायची आहे फक्त. इथं 'आहे' खोडा, बाजूला सही करा. नवा फॉर्म पण देतो. घरचं माणूस आहे तुमचं. एका एकनळीने काय जगबुडी होणार आहे?"

पेन त्यांनी माझ्यापुढे धरलं होतं. मी ते घेतलं नाही.

"साहेब, पुढच्या गावात काजू राखायला गेलेल्या आमच्या गावच्या पोराला छर्रे लागले तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, पोलीस पाटील काय डोळे मिटून सह्या करतात काय म्हणून. मी डोळे उघडे ठेवून सही केली आहे."

कासकरांनी पेन खिशाला लावलं. अहवालाचा निर्णय होईपर्यंत बंदूक ठाण्यात जमा, अशी पावती लिहून त्यांनी भावजींपुढे सरकवली. भावजींनी पावतीवर सही केली, गोणपाट घडी करून काखेत घेतलं आणि बाहेर पडले. बाब्याची रिक्षा फाटकात उभी होती. ते तिच्या बाजूने पुढे चालत गेले. मी रिक्षा घेऊन मागून गेले, दोनदा थांबवली, "बसा भावजी" म्हटलं. त्यांनी मान वळवली नाही. बारा किलोमीटर चालत गेला तो माणूस.

त्या दिवसापासून मी गावाची वैरीण झाले. दर्शनाला मी फोन करून सगळं सांगितलं होतं. ती महिनाभर येऊन राहिली, वडिलांना डॉक्टरकडे नेण्याची खटपट केली, ते गेले नाहीत. मग तिच्या घरचे बोलवायला लागले तशी ती परत गेली. जाताना माझ्या गळ्यात पडून रडली, पण कोणी बघत नाही ना ते आधी बघून.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत तेलीच उभे राहिले. "आज वासूची गेली, उद्या माझी जातली. पोलीसबायेक विचारतंय, गावातल्यो बंदुको काढून घेऊक तुका कोणी सांगल्यान?"

"सरकारच सांगता," मागून कोणीतरी म्हणालं. "शेरातल्या माणसांका वाटता बंदूक म्हणजे गुंडगिरी."

"शेरातल्यांच्या ताटात भात आमच्या मळ्यातलो जाता. डुकरां तेंच्या गच्चीत सोडूया, मगे बघूया."

लोक हसले. मग एक म्हातारी, सावित्री मेस्त्रीण, उभी राहून म्हणाली, "माझ्या झिलाक काजीत छर्रो लागलो तेव्हा तुमी कोण हसूक नाय. बंदुकेक डोळे नसतत. कोणाच्या हातात असा ता कोणीतरी बघूकच व्हया." तिला दोघांनी खाली बसवलं. आणखी अर्धा तास असंच इकडून तिकडे चाललं. दोन्ही बाजूंचं मला पटत होतं, हे माझं दुखणं. पीक गेलं तर माणूस खातो काय? आणि बंदूक चुकीच्या हातात असली तर?

सरपंचांनी मला विचारलं, "बाई, कारण काय ते सभेला सांगा."

भावजी शेवटच्या बाकावर बसले होते. मी एक वाक्य बोलले असते तर सगळी सभा गप्प झाली असती. केप लावलेली होती, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. गावात सगळे बंदूक जाणणारे. मी म्हटलं, "कारण कागदावर लिहिलं आहे. शेतात पीक नव्हतं." लोक ओरडले. मी बसले. घरी येऊन चुलीपुढे बसून रडले, हे मात्र सांगते. माझा दोष नसताना शिव्या खायची मला सवय नव्हती.

आणि दोष नव्हता तरी कशावरून? मी त्यांना वाचवलं की नुसतं अपमान करून सोडलं, हे मला कोण सांगणार होतं? जे घडलं नाही त्याचा पुरावा कुठून आणायचा? रोज सकाळी पाणी भरायला जाताना मी त्यांच्या घराकडे बघायची. चुलीचा धूर दिसला की पाय पुढे पडायचा.

भावजी माझ्याशी बोलायचे बंद झाले, पण माझ्याबद्दल बोलायला लागले. पारावर, दुकानात, भेटेल त्याला. सहा महिने न बोललेला माणूस, पण माझा विषय निघाला की त्यांची जीभ थांबायची नाही. आमचे हे येऊन सांगायचे, "आज तुका पूतना म्हणालो." मी विचारायची, "जेवले काय?" हे चिडायचे.

ज्येष्ठात ते नांगर मागायला तेल्याकडे गेले. मी ऐकलं आणि विश्वास ठेवला नाही. मृगावर त्यांनी भाताच्या रोपांची दाढ टाकली. एकट्याने लावणी केली, तेही मजूर न लावता, अख्खा महिना. भाताला कणीस धरलं तसं डुकरं यायला लागली. बंदूक नव्हती, म्हणून माळा बांधून तेलाचा पत्र्याचा डबा बडवत बसायचे. त्या डब्याने आमची झोप जायची. आमचे हे म्हणायचे, "पोलीसबाये, आयक तुझो अहवाल." तरी ह्यांनीच चार वेळा जाऊन त्यांच्या जागी डबा बडवला.

भात कापून झालं, कुळीथ पेरला गेला, आणि एक दिवस ह्यांनी निरोप आणला. "दादान सांगल्यान, पोलीसबायेक मळ्यात पाठय. कागद घेऊन."

मी समजले. माझ्या अहवालावरून परवाना थांबला होता आणि बंदूक अजून ठाण्यातच होती. आता अर्ज येणार. पीक दाखवणार, गरज दाखवणार, आणि माझ्याकडे अडवायला कारण उरणार नाही. काय लिहायचं ते ठरवत ठरवतच मी मळ्यापर्यंत गेले आणि तिथे पोचले तरी ठरलं नव्हतं.

भावजी बांधावर उभे होते. अंगाने वाळले होते, पण दाढी केलेली होती. वर्षभराने त्यांनी माझ्याकडे तोंड करून बघितलं.

"लिव," ते म्हणाले.

मी वही मांडीवर घेऊन बांधावर बसले.

"वासुदेव सोमा घाडी. धंदो शेती. लिवलंस?"

"लिवलंय."

"मळ्यात कुळीथ. अकरा गुंठे. मोजूचो आसात तर मोज."

"मोजूक नको. दिसता."

"नको कशी? मोज. मागल्या खेपेक मोजूक नाय, म्हणून असा झाला."

मी उठून पावलांनी मोजलं. अकरा गुंठे होता. खालच्या कोपऱ्यात डुकरांनी हातभर उकरून ठेवलं होतं, तेही त्यांनी लिहायला लावलं. पावसाळी भात किती झालं ते लिहायला लावलं. सही आणि शिक्का मारून मी कागद त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "बंदुकीचो अर्ज कधी करतल्यात? मी वांगडा येतंय."

"अर्ज कित्याक?"

"बंदूक परत व्हयी ना?"

ते माझ्या शेजारी, थोडं अंतर ठेवून बांधावर बसले.

"वर्सभर तुका गाळी घातलंय," ते म्हणाले. "सकाळी उठलंय काय पयली तुका, मगे तोंड धुतलंय. तुझ्या रागान जेवलंय. तुझ्या रागान नांगर धरलंय. इतको राग होतो तुझो, माझ्याबद्दल काय ठरयलेला ता ऱ्हवानच गेला."

वर्षभर ज्याची वाट बघितली ते कानावर आलं. मी मान खाली घालून वहीचं पान दुमडत बसले.

"पण राग जन्मभर पुरना नाय गो," ते म्हणाले. "आता कमी होवक लागलो. म्हणान बंदूक थयच ऱ्हवांदे. माका अजून माझो भरवसो नाय."

"मग ह्यो कागद कोणाक?"

"माका."

त्यांनी कागद परत माझ्या हातात दिला. "वाच. मोठ्यान वाच, त्या हवालदारान वाचलो तसो."

मी वाचला. त्यांनी परत वाचायला लावला. तिसऱ्यांदा वाचताना मध्येच मला पुढचं काही दिसेना, तेव्हा उरलेलं त्यांनीच म्हणून दाखवलं. त्यांचं पाठ झालं होतं.